जुन्या इंची नकाशावर सड्याच्या कडेला 'ओपन स्क्रब', आज तिथे दाट झाडी. आधी तिथे नक्की काय होतं?

कातळमाथा

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी सड्याचा (जांभ्या कातळाच्या पठाराचा) जुना वापर लिहून काढायचा आहे. हाताशी भारतीय सर्वेक्षण विभागाचं एक इंचाला एक मैल प्रमाणाचं जुनं पत्रक ४७ एच/१० आहे (स्कॅन केलेलं, मूळ कागद कापडावर डकवलेला), आणि आजची उपग्रह प्रतिमा.

सड्याचा माथा दोन्हीकडे सारखाच दिसतो: कातळ, गवत, पावसाळी तळी. फरक आहे तो कडेला. सड्याची धार उतरून व्हाळाकडे (ओढ्याकडे) जाणाऱ्या पट्ट्यात जुन्या पत्रकावर पांढरी जागा आणि 'ओपन स्क्रब' (विरळ झुडपं) अशी अक्षरं आहेत. शेतीचा पिवळा रंग फक्त खाली मळ्यांत. आज त्याच पट्ट्यात ऐन-किंजळाची दाट झाडी आणि मधेमधे काजू आहे. नोंदवहीच्या मसुद्यात 'पूर्वी पडीक, आता नैसर्गिक जंगल' असं लिहिलं गेलंय, ते पटत नाही.

दोन अडचणी आहेत. नकाशा आजच्या प्रतिमेवर बसवला की सगळं शंभर-दीडशे मीटर सरकलेलं दिसतं, आणि मधल्या भागात तर त्याहून जास्त. दुसरी अडचण मोठी: पांढरी जागा म्हणजे पडीक असं धरायचं का?

नकाशा४७

आधी बसवण्याचं बघू. ते बिघडलेलं असेल तर पुढचं कुठलंही क्षेत्रफळ खोटं येईल.

शंभर-दीडशे मीटरचा सरक ही तुमची चूक नाही, नकाशाच्या पायाचा फरक आहे. जुनी पत्रकं एव्हरेस्ट लंबगोल (पृथ्वीचा गृहीत आकार) आणि कल्याणपूर डेटमवर (मोजणीचा पाया) काढलेली आहेत, उपग्रह प्रतिमा डब्ल्यूजीएस ८४ वर. कोकणाच्या अक्षांशावर या दोहोंत साधारण तेवढाच फरक पडतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणकप्रणालीत, नकाशा बसवायच्या जिओरेफरन्सरमध्ये, पत्रकावर छापलेले अक्षांश-रेखांश टाकताना लक्ष्य प्रणाली ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४) ठेवली की हाच सरक येतो. तिथे ईपीएसजी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडा. तयार झालेली फाइल मग यूटीएम ४३ उत्तर, ३२६४३ मध्ये रूपांतरित करा. रूपांतराच्या वेळी क्यूजीआयएस पर्यायांची यादी दाखवतो. त्यातला 'बॉलपार्क' (ढोबळ) पर्याय घेतलात तर सरक जिथल्या तिथे राहील. अचूकतेचा आकडा मीटरमध्ये लिहिलेला पर्याय घ्यायचा.

नियंत्रण बिंदू फक्त चार कोपऱ्यांचे घेऊ नका. पंधरा मिनिटांच्या पत्रकावर दर पाच मिनिटांच्या रेषा किंवा खुणा असतात, म्हणजे चार गुणिले चार, सोळा छेदबिंदू मिळतात. सोळाही वापरा. कोपरे जुळूनही मधलं बिघडलेलं असेल तर या बिंदूंच्या चुकांच्या तक्त्यात ते लगेच दिसतं.

आणि तुमचं मधलं बिघडण्याचं कारण बहुधा कापड आहे. कापडावर डकवलेली पत्रकं घडी पडावी म्हणून आधी तुकडे कापून, मधे बारीक फट ठेवून चिकटवतात. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर. एकेक फट ३ मिलिमीटरची असेल तर दर फटीला १९० मीटर वाढतात. अशा पत्रकाचं सबंध स्कॅन एकदम बसवायचं नाही. प्रत्येक तुकडा वेगळा कापून, त्या तुकड्यावरच्या खुणांवर वेगळा बसवायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. ज्या तुकड्यावर छेदबिंदू दोनच येतात तिथे शेजारच्या तुकड्यावर संपणारी कंटूर (समान उंचीची) रेघ किंवा वाट जुळवून बिंदू वाढवा.

४०० डीपीआयला स्कॅन केलं असेल तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ४ मीटर होतो. बिंदूंची सरासरी चूक ३-४ पिक्सेलच्या आत आली की थांबा. आणखी आकडा खाली आणण्यासाठी तिसऱ्या घाताचं रूपांतर लावू नका. आकडा सुंदर दिसतो, पण पत्रकाच्या कडा वाकतात. पडताळायला जे बिंदू घ्याल ते वेगळे असू द्या: त्रिकोणमितीय स्थानक (माथ्यावरचा छोटा त्रिकोण आणि उंची), जुनं देऊळ, कातळात कोरला गेलेला व्हाळांचा संगम. खाडीचा काठ किंवा पुळण घेऊ नका, त्या हलतात.

दोन गोष्टी समासात बघा. सर्वेक्षणाचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं. तुम्हाला हवं ते सर्वेक्षणाचं. नंतर छापलेल्या आवृत्तीत रस्ते तेवढे नवे घातलेले आणि रान जुनंच असं सर्रास असतं. कोकण रेल्वेची रेघ दिसली तर ते पत्रक १९९० नंतर सुधारलेलं, पण त्यावरची झाडी त्याच वर्षीची असेलच असं नाही. दुसरं, एकोणिसाव्या शतकातलं पत्रक हाती आलं तर रेखांशाची दुरुस्ती लिहिली आहे का पाहा. मद्रासच्या जुन्या रेखांशामुळे त्या काळचे आकडे २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त आहेत. राजापूरच्या अक्षांशावर तो फरक ४.३ ते ४.४ किलोमीटर होतो, आणि सगळा नकाशा पूर्वेला सरकलेला दिसतो. डेटम बदलून तो जाणार नाही, आकड्यातूनच वजा करावा लागतो.

राजापूरचं पत्रक ७३° ३०' ला सुरू होतं, म्हणजे गावाच्या पश्चिमेचा सडा ४७ एच/६ वर जातो. दोन पत्रकांचं सर्वेक्षण वेगळ्या वर्षी, वेगळ्या माणसाने केलेलं असू शकतं. एकाने ज्याला 'स्क्रब' म्हटलं त्याला दुसऱ्याने 'फेअरली डेन्स जंगल' म्हटलेलं असतं. तुमच्या तुलनेत जंगलाची कड कुठे सरळ उभ्या रेषेत तुटली, तर ती रानाची कड नाही, पत्रकाची आहे.

हरीकवरी

पांढऱ्या जागेबद्दल. मसुद्यातलं 'पूर्वी पडीक' काढून टाका. कोकणात सड्याच्या उतारावरची पांढरी जागा म्हणजे बहुतेक वेळा वरकस, आणि वरकस हे पड ठेवून फिरवायचं शेत आहे.

नकाशावर ती शेती म्हणून का येत नाही ते आधी समजून घ्या. सर्वेक्षणाचा हंगाम पावसाळा संपल्यावरचा, हिवाळा-उन्हाळ्याचा. तोवर नाचणी, वरी कापून झालेली असते. भातमळ्याला बांध असतो, कुणगा (भाताचं खाचर) दिसतो, म्हणून तो पिवळ्यात जातो. डोंगरातला वरकसाचा तुकडा जानेवारीत नुसता गवताळ उतार दिसतो. शिवाय तो दरवर्षी पिकत नाही. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक, कुठे शेवटी कारळा किंवा तीळ, आणि त्यानंतर जमिनीचा कस पाहून काही वर्षं पड. म्हणजे कोणत्याही एका वर्षी उताराचा थोडाच भाग पिकाखाली आणि बाकीचा वेगवेगळ्या वयाच्या झुडपात. सर्वेक्षकाला जे दिसलं ते त्याने लिहिलं: ओपन स्क्रब. ते खरंच आहे, पण त्या एका हंगामापुरतं.

आकाराचंही बघा. एक इंची नकाशावर १ चौरस मिलिमीटर म्हणजे जवळपास बरोबर एक एकर. दहा गुंठ्यांची नाचणीची जागा पाव चौरस मिलिमीटर झाली. ती रंगवायची म्हटली तरी रंगवता आली नसती.

दुसरा वापर राबाचा. भाताची दाढ (रोपांची जागा) भाजायला शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडाच्या फांद्या लागतात. एक हेक्टर लावणीला सुमारे दहा गुंठे दाढ धरतात, आणि ती सगळी भाजायची म्हणजे उतारावरच्या ऐन-किंजळाची कवळ (पालेदार फांद्या) दरवर्षी तोडायची. झाड मारत नाहीत, फांद्या छाटतात. त्यामुळे झाडं असतात, पण सावली नसते. नकाशा अशा उताराला जंगल म्हणणार नाही, आणि शेतीही म्हणणार नाही.

आता हे तुमच्या पट्ट्यात होतं का, हे जमिनीवर ठरवायचं. झाडांचे बुंधे वाचा. ऐन जमिनीपासून दोन-तीन मीटरवर गाठाळलेला, आणि त्या गाठीतून सारख्या जाडीच्या पाच-सहा फांद्या सरळ वर गेलेल्या असतील, तर ती कवळतोड होती आणि थांबली. किंजळ जमिनीलगतच एका खोडक्यातून तीन-चार फुटव्यांनी आला असेल तर ती सलग तोड आहे, लाकडासाठी किंवा कोळशासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रान मोठ्या प्रमाणावर मालकीचं, त्यामुळे अशी तोड काही वर्षांनी पुन्हा होते. आजची दाट झाडी दोन तोडींच्या मधली असू शकते. या दोन खुणांची सरमिसळ करू नका: वर गाठ म्हणजे राब, खाली फुटवे म्हणजे तोड. दोन्ही एकाच झाडावर सापडल्या तर आधी तोड, नंतर राब असा क्रम लागतो, कारण बुंध्याशी तोडल्यावर वरची गाठ उरत नाही.

दगड बघा. वरकसात कुदळ चालवायची तर सुटे जांभे वेचून बाजूला टाकावे लागतात. उतारावर गुडघ्याएवढ्या राशी, साधारण सारख्या अंतरावर, त्यावर आता शेवाळ आणि मधूनच एखादं झाड: ही वेचणीची रास. आपोआप घरंगळलेले दगड उताराच्या तळाशी जमतात, अशा राशी करत नाहीत. गडगा (सुट्या दगडांचा बांध) आडवा, कंटूरच्या बरोबर जात असेल तर माती अडवायला. उभा, धारेपासून व्हाळापर्यंत उतरत असेल तर हिश्श्याची हद्द. गडग्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला वीतभर खणून मातीची जाडी मोजा. वर जास्त, खाली कमी असेल तर तिथे बरीच वर्षं नांगर किंवा कुदळ चाललेली आहे. याच खड्ड्यांत कोळशाचे कण दिसले तर नोंद करा, पण त्यावरून एकट्याने काही ठरवू नका. वणव्याचे कणही तसेच दिसतात. गोल, सपाट केलेली जागा आणि काळी माती सापडली तर ती कोळशाची भट्टी.

आणि जिथे यातलं काहीच नाही, मांडीएवढी गारंबीची वेल आहे, बुंधे एकेरी आहेत, गडगा नाही, तिथे जुनं रान शिल्लक आहे. असा तुकडा बहुतेक देवराईत किंवा घळीत निघेल. तो वेगळा आखा. नोंदवहीत त्याचं मोल जास्त आहे.

लाल_माती

हरीकवरींशी सहमत, पण सरसकट सगळ्या पांढऱ्या जागेला वरकस करू नये. माथ्यावर जांभ्याचं उघडं कवच आहे, तिथे माती फक्त खोलगट भागात साचते. माथ्याचा मुख्य वापर गवत आणि गुरं. अशा जागेवर पत्रकात जवळपास तळं, झोपडीची खूण किंवा धनगरवाडा लिहिलेला आहे का बघा. कायम आणि तात्पुरत्या झोपडीला वेगळी खूण आहे, ओसाड गावालाही. पत्रकावर धनगरवाडा आहे आणि आज तिथे झाडी आहे, असं असेल तर तिथली झाडी वरकस सुटल्यामुळे नाही, चराई थांबल्यामुळे आलेली आहे. झाडांचा संचही वेगळा दिसतो. चराई आणि वणवा सोसून कुंभा टिकतो. जुन्या कुंभ्याभोवती एकाच वयाचं कोवळं रान असेल तर तिथे आधी गवताळ माळ होता.

पाण्याच्या रेघाही वाचा. पाणी असलेला ओढा निळा, कोरडा काळा. काळा म्हणजे पावसाळ्यातही कोरडा असं नाही, सर्वेक्षक गेला तेव्हा कोरडा. ओढ्याकाठी किंवा तळ्याजवळ आकड्यापुढे 'आर' असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, तिथल्या तिथली खोली किंवा उंची आहे. '६आर' म्हणजे जुन्या पत्रकावर सहा फूट. याला स्पॉट हाइट समजून उंचीचा नकाशा केला की सड्यात मोठं भोक पडतं.

'आर. एफ.' ची (राखीव वनाची) हद्द असेल तर ती प्रशासनाची रेघ आहे. आत झाडं असलीच पाहिजेत असं नाही, बाहेर नसलीच पाहिजेत असंही नाही.

जुनंदप्तर

इंची पत्रक तुकडा दाखवत नाही, पण गावचं दप्तर दाखवतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल मागा. आठ इंचाला एक मैल असेल तर १:७९२० होतं, पण गृहीत धरू नका, नकाशावर लिहिलेलं प्रमाण वाचा. त्याबरोबर तुमच्या पट्ट्यातल्या सर्व्हे नंबरांची टिपणं आणि प्रतिबुक मागा. टिपणात मापं असतात, प्रतिबुकात जमिनीची प्रतवारी.

टिपणावरची मापं मीटरमध्ये नाहीत आणि थेट फुटांतही नाहीत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे आणा २ फुटांहून किंचित जास्त. एक चौरस साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. चाळीस झाले की एकर. क्यूजीआयएसमध्ये काढलेला तुकडा आणि टिपणाचं क्षेत्र यांत थोडा फरक राहणारच, पण तिप्पट-चौपट फरक आला तर मापं वाचण्यात कुठेतरी गल्लत झालेली आहे.

खोती गाव असेल तर १८८० च्या खोती कायद्यानंतर तयार झालेलं बोटखत शोधा. त्यात कूळ आणि खोताला द्यायचा हिस्सा लिहिलेला असतो. अर्धेल, तिर्धेल असा पिकाचा वाटा एखाद्या डोंगरातल्या तुकड्यावर लावलेला असेल, तर तिथे पीक निघत होतं याचा याहून थेट लेखी पुरावा मिळणं अवघड आहे. नंतरच्या काळासाठी जुने हस्तलिखित सातबारे: नमुना बारामध्ये नाचणी, वरी कोणत्या वर्षापर्यंत येते आणि 'गवत' किंवा 'पड' कधीपासून सुरू होतं, ते सर्व्हे नंबरवार तक्त्यात मांडा. पीकपाहणी काही वर्षं मागच्या पानावरून तशीच उतरवलेली असते. पाच वर्षं अक्षरशः तेच क्षेत्र, तेच पीक दिसलं तर वरकसात ते शक्य नाही, त्या नोंदीला कमी वजन द्या.

एक खबरदारी. यातून मालकी किंवा वनाचा दर्जा ठरत नाही. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली आलेल्या जमिनी या पट्ट्यात असतील तर तो विषय स्वतंत्र आणि नाजूक आहे. नोंदवहीत वापराचा इतिहास लिहा, हक्काबद्दल वाक्य लिहू नका.

कातळमाथा

खूप कामाचं आहे. तुकडे वेगळे बसवायला घेतो. इंची पत्रक आणि आजची प्रतिमा यांच्या मधला काही पुरावा मिळेल का? झाडी नेमकी कधी वाढायला लागली ते दोन टोकांवरून कळत नाही. आणि मसुद्यात 'पूर्वी पडीक'च्या जागी काय लिहावं?

नकाशा४७

मधला दुवा म्हणजे कोरोना उपग्रहाची छायाचित्रं. अमेरिकेची १९६० ते १९७२ मधली टेहळणी, १९९५ मध्ये खुली झाली. यूएसजीएसच्या अर्थ एक्सप्लोररवर 'डीक्लासिफाइड' गटात शोधा. आधीच स्कॅन झालेली फ्रेम फुकट उतरवता येते, नसेल तर फ्रेममागे ३० डॉलर. केएच-४बी कॅमेऱ्याची घ्या, सुमारे १.८ मीटरपर्यंतचं दिसतं. गडगा स्वतः दिसत नाही, त्याच्या कडेने वाढलेली झुडपं रेघेसारखी दिसतात. नोव्हेंबर ते मार्चमधलीच निवडा आणि पैसे भरण्याआधी छोट्या चित्रात ढग बघा.

हे पॅनोरॅमिक कॅमेऱ्याचं चित्र आहे, फ्रेमच्या टोकांकडे ताणलेलं. अख्खी फ्रेम बसवायला जाऊ नका. पाच-सहा किलोमीटरचा तुकडा कापा, वीस-तीस बिंदू घ्या, थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक बिंदूपाशी चित्र वेगळं ताणणारं रूपांतर) लावा. बिंदू माथ्यावर आणि व्हाळात दोन्हीकडे हवेत. नुसते माथ्यावर घेतले तर उतार घसरतो, आणि तुम्हाला तर उतारच हवा आहे. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे उत्तर वर ठेवून पाहिलं की पुष्कळांना व्हाळ धारेसारखा आणि धार व्हाळासारखी दिसते. वाचताना चित्र उलटं फिरवा.

मोकळा उतार उजळ, झाडी काळपट. राबाची झाडं सुट्या ठिपक्यांसारखी येतात. काजू-आंब्याच्या रांगा त्यात दिसणार नाहीत. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० नंतरची. आजच्या प्रतिमेतून काजू आधी वेगळा आखून काढा, नाहीतर बागही 'वाढलेल्या जंगलात' मोजली जाईल.

बदलाचं क्षेत्रफळ देताना जुन्या पत्रकावरच्या कडेला दोन्ही बाजूंनी ५० मीटरचा पट्टा अनिश्चित धरा. सर्वेक्षकाची रेघ, छपाई आणि तुमचं बसवणं मिळून तेवढं होतंच. कड ३० मीटर पुढे आली असं या पत्रकावरून म्हणता येत नाही.

हरीकवरी

मसुद्यासाठी, तुकडावार असं लिहिता येईल: 'सड्याची पूर्व धार ते व्हाळ. जुन्या पत्रकावर ओपन स्क्रब. जमिनीवर वेचणीच्या राशी, आडवे गडगे, ऐनावर राबाच्या गाठी. वापर: फिरतं वरकस आणि कवळतोड. पीकपाहणीत शेवटची नाचणी अमुक साली. सध्या: वरकस सुटल्यावर वाढलेली ऐन-किंजळाची झाडी.' साल दप्तरातून मिळेल तेव्हाच भरा. राशी, गडगे, गाठी यांपैकी किमान दोन खुणा मिळाल्या तरच 'वरकस' लिहा, एकच मिळाली तर 'शक्यता' लिहा, आणि प्रत्येक खुणेचं जीपीएस स्थान व फोटो जोडा.

राशींना गावात काय म्हणतात, कुठल्या तुकड्याला काय नाव आहे, तेही त्याच रकान्यात घाला. जागेचं नाव सांगणारी माणसं बहुधा सत्तरीपुढची आहेत, म्हणून दप्तराच्या आधी हे उरकून घ्या. सड्याच्या कडेने चालायला फेब्रुवारी बरा: गवत कापून झालेलं असतं, ऐनाची पानं गळायला लागलेली असतात म्हणून गाठी लांबून दिसतात, आणि वणवे अजून लागायचे असतात.